घरांतील पिसवा व त्यांचा बंदोबस्त

मृगाचा पाऊस पडून पंधरा-वीस दिवस लोटले, कीं वर्गांतील दहा-पांच मुलांच्या घोट्यांभोंवती बारीक तांबड्या गांधी दिसूं लागतात. तास चालू असतां मुलें एका पायानें दुसरा पाय खाजवीत बसतात. विचारलें तर कोणी डांसांचें नांव घेतें, कोणी उष्णतेचें. परंतु डांस कांहीं घोट्यापुरताच चावत नाहीं, आणि उष्णतेच्या पुळ्या दोन-दोन, तीन-तीन अशा ओळीनें उठत नाहींत. अशा मुलास आम्ही एवढेंच विचारतों कीं, घरीं मांजर आहे काय? कुत्रा आहे काय? उत्तर बहुधा होकारार्थीच येतें. आणि त्यापाठोपाठ कधीं कधीं जें दुसरें वाक्य येतें तें आम्हांस अधिक बोचतें: "आजी म्हणते, रविवारीं त्याला बाजारांत सोडून यायचें."

हा लेख त्या दुसऱ्या वाक्यासाठीं लिहिला आहे. मांजर बाजारांत सोडल्यानें घरांतील पिसवा जात नाहींत; उलट पुढें कांहीं दिवस त्या माणसांस अधिकच चावूं लागतात. हें विधान प्रथम विपरीत वाटेल. परंतु पिसूचा जन्म कोठें होतो, ती बाळपणीं काय खाते आणि किती काळ वाट पाहूं शकते, हें एकदां समजलें म्हणजे त्यांत विपरीत असें कांहीं उरणार नाहीं. म्हणून उपायांकडे वळण्यापूर्वीं त्या प्राण्याचीच थोडी ओळख करून घेऊं.

पिसूच्या सुमारें अडीच हजार जाती शास्त्रज्ञांनीं नोंदविल्या आहेत. कुत्र्याच्या अंगावरची ती कुत्र्याची पिसू व मांजराच्या अंगावरची ती मांजराची, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु जगांतील बहुतेक घरांत दोघांच्याही केसांत सांपडते ती मांजराची पिसूच होय. आपल्या देशांत कुत्र्यांवर तिची एक अगदीं जवळची बहीणही पुष्कळ आढळते. दोघींची राहणी सारखीच असल्यामुळें आपल्या कामापुरता हा भेद सोडून दिला तरी चालेल.

१६६५ सालीं रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें आपल्या 'मायक्रोग्राफिया' ग्रंथांत सूक्ष्मदर्शकांतून पाहिलेल्या पिसूचें भलें मोठें चित्र घडीच्या पानावर छापलें. शाळेच्या सूक्ष्मदर्शकांतूनही तिचें बरेंचसें रूप दिसूं शकतें, आणि विज्ञानाच्या तासाला तें पाहण्यासाठीं मुलांची रांग दाराबाहेर जाते हा आमचा अनुभव आहे. लांबी दोन-अडीच मिलिमीटर, रंग तपकिरी, पंख मुळींच नाहींत. ढेकूण वरून खालीं चपटा असतो. पिसू दोन्ही बाजूंनीं चपटी असते, जणू कोणीं दोन तळहातांमध्यें दाबून धरली असावी. त्यामुळें केसांच्या दाट रानांतून ती सहज धांवत सुटते. तिच्या अंगावरील राठ केस मागच्या बाजूस वळलेले असतात. म्हणून पुढें जाणें सोपें आणि मागें ओढली जाणें कठीण. कवच इतकें टणक कीं दोन बोटांत चुरडली असें वाटावें, आणि बोटें सैल करतांच तिनें उडी मारून जावें. तिला मारावयाची तर साबणाच्या पाण्यांत टाकावी. साध्या पाण्यावर ती पुष्कळ वेळ तरंगत राहते. साबणानें पाण्याचा पृष्ठताण कमी होतो व ती बुडते. पृष्ठताणाचा धडा ज्या मुलांस कंटाळवाणा वाटतो त्यांनीं हा प्रयोग करून पाहावा.

तिच्या उडीविषयीं चार शब्द सांगितल्यावांचून राहवत नाहीं. मांजराची पिसू सरासरीनें बारा-पंधरा सेंटिमीटर उंच उडते, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या पन्नासपट. घोट्याभोंवती गांधी कां उठतात आणि जमिनीवर रांगणाऱ्या मुलाचें सर्वांग कां चावलें जातें, याचें उत्तर या आंकड्यांतच आहे. एवढी उडी केवळ स्नायूंच्या बळावर शक्य नाहीं, कारण स्नायू तितक्या त्वरेनें आकुंचन पावूं शकत नाहीं. पिसूच्या छातींत रेझिलिन नांवाच्या रबरासारख्या पदार्थाची एक लहानशी गादी असते. पिसू ती आधीं सावकाश दाबून धरते आणि मग एकदम सोडते. धनुष्याची दोरी ओढून बाण सोडावा तसेंच हें आहे. ही गोष्ट १९६७ सालीं बेनेट-क्लार्क व ल्यूसी यांनीं दाखवून दिली. परंतु तो जोर पायाच्या कोणत्या भागानें जमिनीवर टाकला जातो, हा वाद २०११ सालीं केंब्रिज येथील संशोधकांनीं वेगवान छायाचित्रें घेऊन तो पाउलांनींच टाकला जातो हें सिद्ध करीपर्यंत चालला. एका पिसूच्या उडीवर चव्वेचाळीस वर्षें! शास्त्र असेंच चालतें, आणि तें तसें चालतें म्हणूनच त्यावर विश्वास ठेवतां येतो.

आतां मुख्य विषय. पिसू प्राण्याच्या अंगावर चढली, कीं थोड्याच मिनिटांत ती रक्त पिऊं लागते, आणि एक-दोन दिवसांत मादी अंडीं घालूं लागते. ऐन भरांत ती दिवसाला चाळीस-पन्नास अंडीं घालते. हीं अंडीं अर्ध्या मिलिमीटरचीं, पांढरीं व गुळगुळीत असतात. उवेची लीख केसास घट्ट चिकटलेली असते हें सर्वांस ठाऊक आहे. पिसूचें अंडें मात्र कशासही चिकटत नाहीं. मांजर अंग झाडतें, उडी मारतें, कूस बदलतें, आणि अंडीं खालीं गळून पडतात. मांजर जेथें अधिक काळ निजतें तेथें तीं अधिक पडतात: चुलीमागची उबदार जागा, खाटेखालचा कोपरा, धान्याच्या पोत्यांची थप्पी, आजीची गोधडी.

एवढ्यावरच हें थांबत नाहीं. पिसू पोटाच्या मानानें फार रक्त पिते आणि त्यांतील पुष्कळसें अर्धवट पचलेल्या स्थितींतच बाहेर टाकते. ही विष्ठा वाळून काळ्या कण्यांच्या रूपानें अंड्यांच्याच शेजारीं गळून पडते. दोन ते पांच दिवसांत अंडें फुटून बारीक, पांढुरकी, पाय नसलेली अळी बाहेर येते, आणि तिचें मुख्य अन्न म्हणजे हेंच वाळलेलें रक्त. आई वर केसांत बसलेली, मुलें खालीं धुळींत, आणि आईकडून मुलांस शिदोरी अशी आपोआप पोंचते. अळीला उजेड नकोसा असतो. ती फटींत, चटईच्या विणींत, पोत्याच्या धाग्यांत खोल शिरते. म्हणूनच ज्या घरांत शेंकडों अळ्या आहेत त्या घरच्या गृहिणीनें एकही अळी डोळ्यांनीं पाहिलेली नसते.

मुलांनीं येथें एक प्रयोग करावा. मांजराच्या पाठीवरून, शेंपटीच्या मुळापाशीं, बारीक दातांची फणी फिरवावी आणि जी काळी भुकटी निघेल ती ओल्या पांढऱ्या फडक्यावर झटकावी. ती साधी धूळ असेल तर काळीच राहील. पिसूची विष्ठा असेल तर प्रत्येक कणाभोंवतीं तांबूस-तपकिरी वलय पसरूं लागेल, कारण तें रक्तच आहे. पिसू एकही दिसली नाहीं तरी हें वलय दिसलें म्हणजे पिसवा आहेत असें निश्चित समजावें.

अळीची वाढ हवेवर अवलंबून असते. हवेंत दमटपणा पन्नास टक्क्यांच्या खालीं गेला कीं ती सुकून मरते. फार उष्ण उन्हांतही ती जगत नाहीं. पंचवीस ते तीस अंश सेल्सिअस उष्णता आणि भरपूर दमटपणा तिला अत्यंत मानवतो. कोंकणांतील पावसाळ्याचें हें तंतोतंत वर्णन आहे. देशावर एप्रिल-मे महिन्यांत उघड्या अंगणांतल्या अळ्या पुष्कळ मरतात. परंतु ज्या माजघरांत आपण स्वतः गारव्यासाठीं दुपारीं निजतों, त्या माजघरांत त्याही सुखानें राहतात.

आठवडा-दीड आठवड्यांत अळी पूर्ण वाढून स्वतःभोंवतीं रेशमाचा कोश विणते. हा कोश चिकट असल्यामुळें त्यास माती, केस, सुताचे तंतू लागतात व तो धुळीच्या गोळीसारखा दिसूं लागतो. या कोशांतील पिसू हीच आपल्या सर्व अडचणींचें मूळ होय. आठवडाभरांत तिची घडण पूर्ण होते. पण पूर्ण झाली म्हणजे ती बाहेर येतेच असें नाहीं. बाहेर कोणी प्राणी आहे अशी खूण पटेपर्यंत ती कोशांत निपचित पडून राहूं शकते. आठवडेच काय, कित्येक महिनेही. जमिनीवर दाब पडला, ऊब लागली, श्वासांतील कार्बन डायऑक्साइड वायू पोंचला, कीं ती क्षणांत बाहेर पडून उडी घेते. मे महिन्याच्या सुटींत घर बंद करून मंडळी गांवीं जातात आणि जूनमध्यें कुलूप काढून आंत पाऊल टाकतांच पोटऱ्यांपर्यंत पिसवा चढतात, त्याचें कारण हेंच. त्या रिकाम्या घरांत नव्यानें आलेल्या नव्हेत. त्या दाराशीं वाट पाहत होत्या.

घरांतील सर्व पिसवांचा, म्हणजे अंडीं, अळ्या, कोश व पूर्ण वाढलेल्या पिसवा यांचा, हिशेब सर्वसाधारणपणें असा धरतात कीं शंभरांतील पांच प्राण्याच्या अंगावर असतात आणि पंचाण्णव जमिनीवर.

मांजराला बाजारांत सोडणें म्हणजे काय, हें आतां पाहूं. शंभरांतील पांच घराबाहेर गेल्या. पंचाण्णव घरांतच राहिल्या, आणि त्यांपैकीं ज्या ज्या कोशांतून बाहेर पडतील त्यांस रक्त पिण्यास मांजर उरलें नाहीं. राहिलीं कोण? घरचीं माणसें. माणसाच्या रक्तावर मांजराच्या पिसूची वंशवेल फारशी वाढत नाहीं हें खरें. परंतु भूक लागली असतां ती चावण्यास मुळींच मागेंपुढें पाहत नाहीं.

यजमान नाहींसा झाला कीं पिसू माणसाकडे वळते, हा धडा महाराष्ट्रानें फार मोठी किंमत देऊन शिकलेला आहे. १८९६ सालीं मुंबईंत मांडवी भागांत प्लेग उद्भवला आणि पाहतां पाहतां पुण्यापर्यंत व पुढें देशभर पसरला. पुण्यांत प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करीत असतां सावित्रीबाई फुले यांस त्याच रोगानें गांठलें व १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. घरांत उंदीर पडूं लागले कीं लोक घर सोडून माळावर झोंपड्या बांधून राहत, हें आमच्या पणजोबांच्या पिढीच्या तोंडून घराघरांत सांगितलें गेलें आहे. उंदीर पडणें व माणसें मरणें यांतील दुवा १८९८ सालीं पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरनें कराचींत प्रयोग करून दाखविला. त्यानें प्लेगनें आजारी असलेला पिसवांनी भरलेला उंदीर आणि जाळीच्या पिंजऱ्यांतील निरोगी उंदीर एकाच बरणींत ठेवले. दोघांचा एकमेकांस स्पर्श होणें शक्य नव्हतें. जाळींतून जाऊं शकत होती ती फक्त पिसू. निरोगी उंदीर प्लेगनें मेला. उंदीर मरून त्याचें अंग थंड पडतांच पिसवा तें सोडून नव्या ऊबदार अंगाच्या शोधास निघतात, आणि जवळ माणूस असला तर माणसावर येतात. हें त्या वेळीं पुष्कळांस पटलें नाहीं. पुढें मुंबईंत परळ येथें झालेल्या दीर्घ संशोधनानें तें निर्विवाद ठरलें.

ती उंदराची पिसू निराळ्या जातीची, आणि आपल्या मांजराच्या पिसूमुळें प्लेग येईल अशी भीति कोणीं घेऊं नये. आम्हांस दाखवावयाचें आहे तें एवढेंच कीं पिसूची वागणूक दोन्हीकडे एक आहे.

मग करावें काय? मांजर घरांतच ठेवावें, आणि त्यास योग्य औषध लावून ठेवावें. असें मांजर म्हणजे घरभर हिंडणारा चालता-बोलता सांपळा होय. कोशांतून निघालेली प्रत्येक पिसू स्वभावानुसार त्याच्याकडे धांवते, त्याच्यावर चढते, आणि अंडीं घालण्यापूर्वींच मरते. हीं औषधें पशुवैद्याकडून घ्यावींत. मानेच्या मागें, जेथें जीभ पोंचत नाहीं अशा जागीं, केस बाजूला सारून कातडीवर घालावयाचे थेंब मिळतात. कुत्र्यांसाठीं पोटांत देण्याच्या गोळ्याही मिळतात. कोणास कोणतें व किती, हें प्राण्याची जात, वय व वजन पाहून ठरतें. घरांत तीन मांजरें व एक कुत्रा असेल तर चौघांसही एकाच वेळीं औषध हवें. एकास वगळलें तर तोच पिसवांचें माहेरघर होतो.

येथें एक गोष्ट ठळक अक्षरांत छापण्यासारखी आहे. कुत्र्याचें पिसवांचें औषध मांजरास कधींही लावूं नये. कुत्र्यांच्या कित्येक औषधांत पर्मेथ्रिन नांवाचें द्रव्य असतें. कुत्र्याचें यकृत त्याचा निचरा करूं शकतें. मांजराच्या यकृतांत ती शक्ति अत्यंत तोकडी असते. थोड्याच तासांत मांजराचे कान व कातडी फडफडूं लागते, अंग कांपतें, झटके येतात, आणि उपचार न झाल्यास तें दगावतें. आमच्या ओळखीच्या एका घरीं दुकानदारानें "दोघांनाही चालतं" असें सांगून दिलेलें औषध अर्धें कुत्र्यास व अर्धें मांजरीस लावलें गेलें. कुत्रा रात्रीं ठणठणीत होता. मांजरी सकाळ पाहूं शकली नाहीं. तिचीं तीन पिल्लें मुलांनीं कापसाच्या वातीनें दूध पाजून जगविण्याचा प्रयत्न केला, त्यांतील एकच जगलें. दुकानदाराचें म्हणणें काय पडलें तें विचारण्यांत आतां अर्थ नाहीं. परंतु वेष्टनावर मांजराचें चित्र नसेल व मांजराचें नांव स्पष्ट लिहिलेलें नसेल, तर तें औषध मांजराचें नव्हे, एवढें प्रत्येक मुलास वाचतां येतें. चुकून लागलेंच तर कोमट पाण्यानें व भांडीं घासण्याच्या साबणानें तें ताबडतोब धुऊन काढावें व मांजरास त्याच पावलीं पशुवैद्याकडे न्यावें. नुकतेंच औषध लावलेल्या कुत्र्याच्या कुशींत मांजरास निजूं देणेंही धोक्याचें आहे. त्याचप्रमाणें फिप्रोनिल हें कुत्र्यामांजरांस चालणारें औषध सशास मारक ठरतें. ज्यांनीं ससे पाळले आहेत त्यांनीं हें लक्षांत ठेवावें.

घरगुती उपायांविषयींही स्पष्ट बोललें पाहिजे, कारण ते प्रेमानें केले जातात आणि म्हणून अधिक घातक होतात. रॉकेल चोळल्यानें कातडी भाजते, आणि प्राणी तें चाटतो तेव्हां तें फुप्फुसांत जाऊं शकतें. फिनाईल, डांबरगोळ्या, निलगिरीचें तेल, हीं सर्व मांजरास विषासमान. लसूण खाऊं घातल्यानें कुत्र्यामांजरांच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. पिसू मात्र जशीच्या तशी. कडुनिंबाचा पाला उकळून केलेल्या पाण्याचें स्नान कुत्र्यास सोसतें, आणि त्या दिवसापुरत्या कांहीं पिसवा धुऊन जातातही, पण संध्याकाळीं जमिनीवरून नव्या चढतात. आमच्या वडिलांच्या पिढींत गॅमेक्झिनची पूड सर्रास वापरीत. तें द्रव्य वर्षानुवर्षें मातींत व शरीरांत राहतें म्हणून १९९७ पासून आपल्या देशांत त्यावर बंदी आहे. माळ्यावर जुना डबा सांपडला तर तो उघडूं नये.

अगदीं लहान पिल्लांस पशुवैद्यास विचारल्यावांचून कोणतेंही औषध लावूं नये. त्यांच्यासाठीं फणीच उत्तम. दिवसांतून दोन वेळां फणी करावी, शेजारीं साबणाच्या पाण्याची वाटी ठेवावी व निघालेल्या पिसवा तींत बुडवाव्यात. हें काम क्षुल्लक समजूं नये. तळहातावर मावणाऱ्या पिल्लाच्या अंगांत रक्त तें केवढें. पुष्कळ पिसवांनीं तें प्यालें तर पिल्लाच्या हिरड्या पांढऱ्या पडतात व तें मरूंही शकतें.

आतां जमिनीवरचे पंचाण्णव. येथें औषधापेक्षां हातांचें काम अधिक आहे, आणि तें मुलांनीं करण्याजोगें आहे. प्रथम जनावराची निजण्याची जागा एकच ठरवावी व तेथें धुतां येईल असें जाड फडकें घालावें. पोतें असेल तर तें जाळून टाकावें. पोत्याच्या विणींतून कोश निघत नाहींत. हें फडकें दर आठवड्यास उकळत्या पाण्यांत टाकून धुवावें व कडक उन्हांत वाळवावें. उचलतांना तें झटकूं नये. चारी टोंकें आंत दुमडून गांठोडें करून न्यावें, नाहींतर अंडीं वाटेंत सांडत जातात. मांजर ज्या गोधड्यांवर निजतें त्यांसही हाच नियम. केर दररोज काढावा, आणि तो मधोमध नव्हे तर कडांनीं: भिंतीच्या बुडाशीं, खाटेच्या पायांशीं, शहाबादी फरशीच्या सांध्यांतून. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर फारच उत्तम, कारण त्याच्या हादऱ्यानें व दाबानें कोशांतील पिसवा बाहेर पडतात व ओढल्या जातात. मात्र त्यांतील केर लगेच घराबाहेर काढावा. केरसुणीनें काढलेला केर अंगणांत न टाकतां साबणाच्या गरम पाण्यांत टाकावा. सारवलेल्या जमिनीच्या भेगा मातीनें बुजवून मग सारवावी. अंगणांत कुत्रा ज्या सावलीच्या भुसभुशीत मातींत खळगा करून निजतो ती जागा उकरून उन्हाला द्यावी, पाचोळा काढावा.

पिसवा फारच माजल्या असतील तर जमिनीवर फवारण्याचीं औषधें आहेत. त्यांपैकीं एका वर्गाची कथा मोठी मनोरंजक आहे. १९६० नंतरच्या दशकांत कारेल स्लामा हा झेक शास्त्रज्ञ अमेरिकेंत हार्वर्ड येथें कॅरोल विल्यम्स यांच्याकडे काम करण्यास गेला, तेव्हां त्यानें बरोबर नेलेले तांबडे ढेकूणवर्गीय किडे तेथें प्रौढच होईनात. अळीसारखेच वाढत जाऊन मरत. हवा, पाणी, अन्न सर्व तपासलें. शेवटीं दोष निघाला तो पिंजऱ्यांत अंथरलेल्या कागदाच्या तुकड्यांचा. ज्या अमेरिकन झाडापासून तो कागद होत असे त्यांत किड्यांचें बाळपण लांबविणाऱ्या रसासारखें द्रव्य होतें. त्याच तत्त्वावरचीं औषधें आज पिसूच्या अंड्यांस व अळ्यांस प्रौढ होऊं देत नाहींत, आणि माणसांस व पाळीव जनावरांस त्यांपासून धोका फार थोडा असतो. तथापि कोणतीही फवारणी करतांना मुलें व जनावरें बाहेर असावींत, आणि जमीन पूर्ण वाळेपर्यंत आंत येऊं नयेत. माशांची टांकी व पक्ष्यांचे पिंजरे आधीं हलवावे.

परंतु फवारणी करा किंवा करूं नका, कोशापर्यंत कोणतेंही औषध नीट पोंचत नाहीं. हेंच न समजल्यामुळें लोक धीर सोडतात. औषध लावून आठ दिवस झाले तरी पिसवा दिसतात, तेव्हां औषध खोटें असा निष्कर्ष काढतात, आणि पुन्हां आजीचा बाजार आठवतो. वस्तुतः त्या आधींच विणलेल्या कोशांतून निघालेल्या असतात. त्या निघाव्यात, मांजरावर चढाव्यात व मराव्यात, हेंच आपणांस हवें आहे. याला बहुधा दोन ते तीन महिने लागतात, व तोंपर्यंत प्राण्याचें औषध ठरल्या दिवशीं, एकही पाळी न चुकवितां, द्यावें लागतें.

प्रगति होत आहे कीं नाहीं हें पाहण्याचा एक सोपा मार्ग आहे. दर शनिवारीं गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घालून घरभर, विशेषतः खाटेखालीं व मांजराच्या जागेभोंवतीं, दहा मिनिटें सावकाश चालावें. पांढऱ्यावर पिसू तत्काळ दिसते. जितक्या सांपडतील तितक्या साबणाच्या पाण्यांत टाकून तो आंकडा वहींत लिहावा. रात्रीं जमिनीवर साबणाचें पाणी घातलेलें पसरट ताट ठेवून त्यावर लहान दिवा लावला तरी नव्या निघालेल्या कांहीं पिसवा उजेडाकडे उड्या मारून त्यांत पडतात. यानें घर मोकळें होत नाहीं, पण मोजणीस मदत होते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आंकडा वाढलाही तरी घाबरूं नये. पुढें तो उतरूं लागतो.

या काळांत प्राण्याच्या शेंपटीखालीं किंवा त्याच्या फडक्यावर तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसले तर तेंही पशुवैद्यास सांगावें. ते पट्टकृमीचे तुकडे होत. त्याचीं अंडीं पिसूची अळी खाते, आणि पुढें मांजर अंग चाटतांना ती पिसू गिळतें. क्वचित् जमिनीवर खेळणारें लहान मूलही गिळतें. जंताचें औषध सोपें आहे, परंतु पिसवा घरांत असेपर्यंत तें पुन्हां पुन्हां द्यावें लागतें. यासाठीं मांजरास हात लावल्यावर मुलांनीं हात धुवावे. वहींतील आंकडा सलग चार शनिवार शून्य आला म्हणजे मोजे ठेवून द्यावे. मांजराचें औषध मात्र पशुवैद्यानें सांगितल्याप्रमाणें पावसाळा सरेपर्यंत चालू ठेवावें, कारण शेजारचा बोका कौलांवरून रोज येतच असतो.